दुखत नाही म्हणजे बरं आहे का? : तंबाखू, सुपारी आणि तोंड, वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तंबाखू आणि तोंडाचं आरोग्य यावर प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं. पेडण्यापासून काणकोणापर्यंत एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की सगळे घेणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिली नाहीत, फक्त तालुका तेवढा ठेवलाय. एक वाक्य मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात सापडलं, "तसा त्रास काही नाही, दुखत वगैरे नाही". मला नेमकी त्याचीच काळजी वाटते, का ते खाली येईलच.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय ५८. लग्नाआधीपासून मशेरी लावते. आई लावायची, आजी लावायची. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. दात सगळे जाग्यावर आहेत, फक्त काळे झालेत. सून रोज मागे लागते की सोडा आणि पेस्ट वापरा. मशेरीने दात घट्ट राहतात असंच आम्ही ऐकत आलो, ते काय सगळं खोटं? (सत्तरी)

उत्तर : काकी, सून बरोबर सांगते, पण "घाण सवय" म्हणून सोडा म्हटलं की कुणीच सोडत नाही, तेव्हा आधी आत काय होतं ते सांगते. मशेरी कशी होते ते तुम्हाला मी सांगायला नको. तंबाखूची पानं तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळून डबीत भरायची, आणि भाजताना तो जो ठसका उठतो त्याने घरातली पोरं खोकत अंगणात पळतात. लोकांना वाटतं एवढं भाजल्यावर तंबाखूतलं वाईट जळून गेलं असेल. नाही जात. निकोटिन त्यात राहतंच, आणि हिरडीवर चोळलं की तिथूनच सरळ रक्तात जातं, गिळायचीही गरज नाही.

आता "घट्ट" वाटतं ते का, तर निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडी फिकी पडते, सूज कमी दिसते, आणि वर थोडी बधिरताही येते. म्हणजे ठणका असला तरी कळत नाही. दात काही घट्ट झालेला नसतो, तो दुखतो हे सांगणारी यंत्रणा झोपवलेली असते. शिवाय ती पूड खरखरीत, रोज बोटाने आडवी घासून दाताच्या मुळाशी खाच पडते, हिरडी खाली सरकते आणि मग एक दिवस थंड पाणी लागायला लागतं. तेव्हा काय करतात? अजून मशेरी लावतात, कारण तिने बरं वाटतं!

माझ्याकडे बाई खुर्चीवर बसली की तोंड उघडायच्या आधी मी तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट बघते, टोक आणि नखाची कड काळपट असली की विचारायचं राहतच नाही. आणि विचारलं की सगळ्या सांगतात "फक्त सकाळी, दात घासायला". मग हळूच निघतं की दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी चहानंतर, रात्री झोपताना पण, आणि डबी कमरेला. दिवसातून पाच वेळा दात कोण घासतं? ते व्यसन आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण दंतमंजन म्हणून स्वतःला फसवू नका.

पोटाचं म्हणाल तर ते खरं आहे, निकोटिनने आतड्याला चालना मिळते, म्हणून सोडल्यावर आठ-पंधरा दिवस पोट कुरकुरणार. सकाळी कोमट पाणी, नाचण्याचं आंबील, पिकली पपई, थोडं चालणं, एवढ्याने बहुतेकांचं रुळावर येतं. सुरुवात सकाळच्या फेरीपासून करू नका, ती सगळ्यात कठीण. आधी रात्रीची बंद करा, मग दुपारची, आणि सकाळी आधी ब्रश आणि पेस्ट, मग अर्धा तास तरी डबीला हात नाही. तो अर्धा तास वाढवत न्यायचा.

एक जुनी गोष्टही सांगून ठेवते. गोव्यात एकेकाळी ट्यूबमध्ये मिळणारी तंबाखूची पेस्ट बायका आणि मुलंसुद्धा दात घासायला वापरायची, जाहिरातीत ती हिरड्यांना चांगली म्हणून सांगायचे. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. तरी काळं-लाल मंजन घेताना डबीवरचं बारीक अक्षर सुनेकडून वाचून घ्या. आणि घरात अजून कुणी म्हातारं माणूस "धुमटी" (हाताने वळलेली तंबाखूची विडी) उलटी ओढणारं असेल, म्हणजे पेटतं टोक तोंडात ठेवून, तर त्यांचं टाळू आठवणीने दाखवून घ्या. ती आग आणि तो धूर थेट टाळूवर बसतो आणि एरवी क्वचित होणारा टाळूचा कॅन्सर अशा लोकांत दिसतो.

प्रश्न : आमचं कुळागर आहे. घरच्याच बागेतली सुपारी खातो, कसली फवारणी नाही, केमिकल नाही. तंबाखूला कधी हात लावला नाही. गेलं वर्षभर तिखट खाल्लं की तोंड जळतं, शागोती तर बंदच केली. अ‍ॅसिडिटी असेल म्हणून गोळ्या घेतोय, फरक नाही. मध्येच वाटतं तोंड आधीएवढं उघडत नाही. वय ३४. (फोंडा)

उत्तर : भाऊ, ही अ‍ॅसिडिटी नाही असं मला तुमच्या पत्रावरूनच वाटतंय, गोळ्या बाजूला ठेवा आणि आधी आरशासमोर उभे राहा. उजव्या हाताची मधली तीन बोटं एकमेकांवर येतील अशी उभी करून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील तर या आठवड्यात डेंटिस्टकडे जा, पुढच्या महिन्यात नाही.

याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीत अरेकोलिन नावाचा घटक असतो, त्याने गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजेनचे धागे गरजेपेक्षा जास्त तयार होतात, सुपारीतल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांत पक्के विणले जातात, आणि शरीराला ते नेहमीसारखे मोडता येत नाहीत. मऊ असलेलं अस्तर पांढुरकं, ताठ होत जातं. बोट गालाच्या आतून वरून खाली फिरवलं तर सुंभासारखे उभे पट्टे हाताला लागतात. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड उघडायला त्रास, मग जीभ बाहेर काढता येत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. आणि हे सगळं होताना ठणका असा नसतोच, त्यामुळे माणूस फक्त जेवणातलं तिखट कमी करत जातो, घरचे पण म्हणतात बरं झालं, पोटाला चांगलं.

केमिकल नाही म्हणून निर्धोक, हे डोक्यातून काढा. अरेकोलिन कुणी फवारलेलं नाही, ते सुपारीचं स्वतःचं आहे, तुमच्या कुळागरातल्या सुपारीत आहे आणि बाजारातल्या पुडीतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, तिने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाच, तंबाखूशिवाय, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू बरोबर असली तर धोका अजून वाढतो, पण "मी तंबाखू खात नाही" हे कवच नाही. आणि हे फायब्रोसिस कॅन्सरच्या आधीच्या अवस्थांमध्ये मोजलं जातं, प्रत्येकाला कॅन्सर होतो असं नाही, पण अशा तोंडावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं.

कुणी म्हणेल विडा तर आपल्याकडे पूर्वापार आहे, पानसुपारी शास्त्रात आहे. आहे की. पण लग्नामुंजीत एक विडा आणि खिशात सुपारीचं खांड ठेवून दिवसभर गालात, यात फरक आहे, आणि त्या विड्यात तंबाखू तर पोर्तुगीज आल्यानंतरच घुसली, तिला परंपरा कशी म्हणायची?

उपचाराचं स्पष्ट सांगते. जे घट्ट झालंय ते पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. सुपारी आज बंद केली तर बहुतेकांत तिथेच थांबतं, जळजळ कमी होते, आणि तोंड उघडायचे व्यायाम मनापासून केले तर थोडं परत मिळतं. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये घालायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची, तुमचे डेंटिस्ट नीट दाखवतील. गालात इंजेक्शनं देतात, गोळ्या देतात, फारच आवळलं असेल तर ऑपरेशन. पण सुपारी चालू ठेवून इंजेक्शनं घेणाऱ्यांना मी तरी सरळ सांगते की पैसे फुकट घालवू नका. कुळागर विकायला सांगत नाहीये मी, सुपारी पूजेला ठेवा, बाजारात घाला... इथे माझं मन थोडं खातं खरं, पण तुमच्या पोटावर पाय द्यायचा माझा अधिकार नाही.

प्रश्न : गेल्या दोन महिन्यांपासून खालच्या ओठाच्या आत, जिथे तंबाखू-चुना धरतो तिथेच, पांढरा चट्टा आलाय. अजिबात दुखत नाही. दाताच्या डॉक्टरने बायोप्सी सांगितली. घरचे म्हणतात सुई-चाकू लागला की असलेला नसलेला कॅन्सर पसरतो, गावात एकाचं तसंच झालं. काय करू? (केपे)

उत्तर : करून घ्या. या एका गैरसमजाने जेवढी माणसं उशिरा आलेली मी बघितली तेवढी दुसऱ्या कशाने नाही. बायोप्सीने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. गावातल्या त्या माणसाचं काय झालं असेल ते मी सांगू शकते, म्हणजे असंच होतं नेहमी: चट्टा दोन वर्षं होता, दुखत नव्हता म्हणून ठेवला, काढे झाले, मुळ्या झाल्या, शेवटी गाठ आली तेव्हा तपासलं, रिपोर्ट वाईट आला, आणि खापर सुईवर फुटलं. आजार सुईच्या कितीतरी आधीपासून तिथे होता.

तुमची जागा बधिर करून डाळीएवढा तुकडा काढतील, एखादा टाका, साधारण आठवड्यात रिपोर्ट. बस. बहुतेक पांढरे चट्टे कॅन्सरचे नसतात आणि पुढेही होत नाहीत, पण कुठला होईल आणि कुठला नाही हे नुसत्या डोळ्याने मलाही सांगता येत नाही, तुमच्या डॉक्टरलाही नाही आणि गुगलवर फोटो बघून तर मुळीच नाही, ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. लाल चट्टा असेल किंवा पांढऱ्यात लाल ठिपके असतील तर घाई आणखी करायची, ते जास्त धोक्याचे.

आणि तंबाखू आजपासून त्या जागी ठेवायची नाही. दुसऱ्या बाजूला पण नाही! (लोक असं करतात, डावीकडे चट्टा आला की उजवीकडे धरतात.) तंबाखू धरायच्या जागेवर नुसता सुरकुतलेला पांढरेपणा असेल तर सोडल्यावर काही आठवड्यांत तो पुष्कळदा जातो, पण म्हणून बायोप्सी टाळायची नाही. चुना का लावतात माहीत आहे ना, त्याने क्षार वाढतो आणि निकोटिन पटकन आत शिरतं, म्हणजे किक लवकर बसते, आणि तोच चुना अस्तरही भाजतो.

सगळ्यांसाठीच, महिन्यातून एकदा मोबाइलचा टॉर्च लावून तोंड बघायची सवय करा. खालचा ओठ ओढून आत, दोन्ही गाल ओढून मागपर्यंत, जीभ वर करून खालची जागा, मग जिभेचं टोक रुमालाने धरून दोन्ही कडा, शेवटी टाळू. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हललेला दात, गळ्यात गाठ, यातलं काहीही असलं तर दाखवा. दुखलं तरच दाखवायचं असं ठरवून बसलात तर उशीर ठरलेलाच, कारण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. लहान असताना सापडला तर छोट्या ऑपरेशनवर निभावतं, उशिरा सापडला की जबडा काढायची वेळ येते. बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजमध्ये हे सगळं तपासतात, केपेहून लांब पडतं मान्य आहे, पण एक दिवस मोडा.

प्रश्न : दिवसाला आठ-दहा सिगारेटी, शनिवार-रविवार दोन पेग. हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही त्यामुळे हिरड्या फिट असाव्यात. बायको तोंडाला वास येतो म्हणते. क्लीनिंग केल्यावर दात सैल होतात हे खरं का? (मुरगाव)

उत्तर : रक्त येत नाही हीच सिगारेटची चलाखी. हिरडी सुजली की रक्त येतं आणि माणूस घाबरून डॉक्टरकडे जातो, पण धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असल्यामुळे सूज आतल्या आत राहते, वरून हिरडी छान कोरडी, आणि खाली दाताला धरून ठेवणारं हाड झिजत असतं. एक एक्स-रे काढून घ्या, त्यात हाड किती उरलंय ते दिसेल, मग फिटनेसबद्दल बोलू. वास त्या हिरडीच्या खिशांतून येतो, माउथवॉशने तासभर झाकतो इतकंच.

क्लीनिंगने दात सैल होत नाहीत. कीट एवढं जमलेलं असतं की दात त्याच्याच आधाराने उभे असतात, ते काढलं की आधीच झालेलं नुकसान कळतं. आणि पेगचं म्हणाल तर, फेणी असो की काही असो, दारू आणि तंबाखू यांचा धोका नुसता बेरजेने नाही वाढत, एकाबरोबर दुसरं घेतलं की कितीतरी पटीने वाढतो. दोन्ही एकत्र घेणं आधी बंद करा, निदान त्या दोन दिवसांपासून तरी सुरुवात होईल. अजून एक, सिगारेट सोडल्यावर पहिले काही आठवडे हिरड्यांतून रक्त यायला लागेल, घाबरून परत पेटवू नका, ते रक्ताभिसरण परत आल्याचं लक्षण.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. दप्तरात पानमसाल्याची आणि तंबाखूची अशा दोन पुड्या मिळाल्या. गोव्यात गुटख्याला बंदी आहे ना? मग मिळतं कसं? (डिचोली)

उत्तर : बंदी आहे, २००५ पासून आहे, देशात पुष्कळ ठिकाणी व्हायच्या आधी गोव्यात झाली. म्हणूनच तर दोन पुड्या. वेगळ्या विकायच्या, गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं, झाला गुटखा. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणं, दोन्ही गुन्हा आहे, तेव्हा तो गाडा कुठला ते मुलाकडून काढून घ्या आणि शाळेला, पोलिसांना कळवा. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत गोव्यात तंबाखू वापरणारे प्रौढ ९.७ टक्के निघाले, सगळ्या राज्यांत कमी, त्याचा अभिमान जरूर असावा, पण त्या पाहणीत १५ वर्षांखालचे मोजलेच नव्हते.

मुलाला मारू नका. आरशासमोर नेऊन तीन बोटांची ती परीक्षा त्याला स्वतःला करू द्या, या वयात कॅन्सरची भीती शिवत नाही पण मित्रांसमोर वडापाव तोंडात जात नाही ही भीती लगेच कळते. मग एकदा डेंटिस्टकडे.

प्रश्न : दाढ काढली, संध्याकाळी एकच बिडी ओढली, तिसऱ्या दिवसापासून कानापर्यंत ठणका. (पेडणे)

उत्तर : हा मात्र दुखणारा प्रकार! खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते तीच मलमपट्टी असते, बिडी ओढताना ती सुटते, शिवाय धुराने जखमेला रक्त कमी मिळतं आणि हाड उघडं पडतं. ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे आजच जा, धुऊन औषध भरतील, एक-दोन दिवसांत उतरेल. लवंगेचं तेल स्वतः ओतू नका. पुढच्या वेळी निदान तीन दिवस तरी बिडी नाही.

प्रश्न : तीनदा सोडली तीनदा परत सुरू झाली. निकोटिनचा च्युइंगगम खाल्ला, घसा जळला, उचक्या आल्या, टाकून दिला. दुसरं काही आहे का? (सासष्टी)

उत्तर : गम तुम्ही नेहमीच्या च्युइंगगमसारखा चघळला असणार, उचक्या त्यानेच येतात. तो चघळायचा नसतो, चार-सहा वेळा सावकाश चावायचा, तिखटसर झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिणी गेली की परत चावायचं, आणि जागा बदलायची, असा अर्धा तास. निकोटिन गालातून शोषलं जायला हवं, लाळेबरोबर गिळलं की फक्त घसा आणि पोट जळतं. २ आणि ४ मिलीग्राम असे दोन येतात, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर साधारण ४ वाला लागतो. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरना विचारायचं.

परत सुरू झाली म्हणून तुम्ही कमकुवत ठरत नाही, पुष्कळ जणांना पाच-सहा वेळा लागतात. तिन्ही वेळा कुठे सुटलं ते मात्र आठवा, लग्नात, टेन्शनमध्ये, जेवणानंतर? त्या जागेची तयारी आधी करून ठेवायची. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर नुसता शोभेला नाही, फोन फुकट आहे, समुपदेशक बोलतात आणि नंतर स्वतःहून परत फोनही करतात. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं काही आंबट नको, लिंबू सरबत नाही, कॉफी नाही, सोलकढी पण नाही, आंबटाने निकोटिन शोषलंच जात नाही आणि मग लोक म्हणतात गम बोगस आहे.